चित्रापुढें उभा असलेला माणूस



ध्वनिक्षेपकापुढें बसून चित्रांविषयीं बोलावयाचें, हा प्रकार थोडासा विपरीतच म्हटला पाहिजे. जी वस्तु डोळ्यांनीं घ्यावयाची ती कानांवाटें पोंचविण्याचें काम आज माझ्याकडे आलें आहे. परंतु या अडचणींत एक सोयहि आहे. चित्र समोर असलें म्हणजे आपलें सारें लक्ष चित्रांतल्या माणसांकडे लागतें. आपण स्वतः कोठें उभे आहों, हा विचार मनांत येत नाहीं. चित्र समोर नसलें म्हणजे त्या विचाराला सवड मिळते. म्हणून पश्चिमेकडील चित्रकलेच्या इतिहासांतून आज मी एवढा एकच धागा उचलणार आहें : चित्रकारानें आपल्या चित्रापुढें पाहणाराला कोणती जागा दिली, आणि ती कालपरत्वें कशी बदलत गेली. त्यासाठीं मोजकींच चित्रें मी घेतलीं आहेत. त्यांत लिओनार्दो नाहीं, राफाएल नाहीं, माझा अत्यंत आवडता रेम्ब्रांटहि नाहीं. ज्यांची निराशा होईल त्यांनीं क्षमा करावी.

तेराव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्सच्या चिमाबुए नांवाच्या चित्रकारानें सिंहासनावर बसलेल्या मेरीमातेचें एक भव्य चित्र काढलें. तें त्याच शहरांतील उफ्फीत्सी संग्रहालयांत आहे. मातेच्या मांडीवर बालक येशू, दोहों बाजूंस एकावर एक रचल्यासारखे देवदूत, आणि मागें केवळ सोनें. आकाश नाहीं, भिंत नाहीं, सकाळ नाहीं कीं संध्याकाळ नाहीं. असल्या चित्रापुढें माणूस डावीकडे उभा राहिला काय आणि उजवीकडे उभा राहिला काय, सारखेंच. माता स्वर्गांत आहे आणि आपण सर्वच खालीं आहों. आपल्याकडे गाभाऱ्यापुढें उभ्या राहणाऱ्या माणसाला ही भावना समजावून सांगावी लागत नाहीं. देवाला आपण पाहावें यापेक्षां देवानें आपणांस पाहावें, म्हणूनच पुष्कळजण देवळांत जातात.

यानंतर फार वर्षें लोटलीं नाहींत तोंच पादुआ शहरांत एक लहानसें प्रार्थनामंदिर उभें राहिलें. एन्रिको स्क्रोवेन्यी नांवाच्या धनाढ्य गृहस्थानें तें बांधविलें. त्याचा बाप सावकारीबद्दल इतका कुप्रसिद्ध होता कीं, दान्ते कवीनें आपल्या महाकाव्यांत त्याला नरकांत बसविलें आहे. १३०५ सालीं या मंदिराची प्रतिष्ठा झाली, आणि त्याच सुमारास त्याच्या आंतल्या भिंती जिओत्तोनें रंगविल्या. क्रूसावरून उतरविलेल्या येशूच्या देहाभोंवतीं चाललेला शोक त्यांतील एका चित्रांत आहे. आईनें मुलाचें मस्तक उचलून धरलें आहे आणि तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्याशीं भिडला आहे. मागें एक उघडाबोडका खडक तिरपा उतरत येतो आणि पाहणाराची नजर त्या दोन चेहऱ्यांपाशीं आणून सोडतो. वर आकाशांत देवदूत आक्रोश करीत आहेत. परंतु मला सांगावयाचें आहे तें निराळेंच. चित्राच्या अगदीं पुढच्या भागांत दोन व्यक्ति जमिनीवर बसल्या आहेत आणि त्यांची पाठ आपल्याकडे आहे. त्यांचे चेहरे आपल्याला दिसत नाहींत. डोक्यावरून घेतलेलें वस्त्र आणि दुःखानें वांकलेले खांदे तेवढे दिसतात. ज्याच्या घरीं मृत्यु झाला आहे तेथें आपण उशिरां पोंचलों म्हणजे अशाच पाठी आपणांस प्रथम दिसतात. आपण त्यांच्या मागें उभे राहतों. जिओत्तोनें पाहणाराला नेमकें तेथें उभें केलें आहे. आतां तो स्वर्गाकडे पाहत नाहीं. तो शोक करणाऱ्या माणसांच्या वर्तुळांत आला आहे.

परंतु ही जागा अजून अंदाजाची होती. तिला मोजमाप लाभलें तें आणखी शंभर वर्षांनीं, आणि तें एका चित्रकारानें न देतां ब्रुनेलेस्की नांवाच्या वास्तुशिल्पज्ञानें दिलें. फ्लॉरेन्सच्या मुख्य मंदिराच्या दारांत उभें राहिल्यावर समोरची अष्टकोनी इमारत जशी दिसते तशी त्यानें एका लहान फळीवर रंगविली, आणि फळीला एक भोंक पाडलें. पाहणारानें फळीच्या मागून त्या भोंकाला डोळा लावावयाचा आणि दुसऱ्या हातानें समोर आरसा धरून त्यांत चित्राचें प्रतिबिंब पाहावयाचें. आकाशाच्या जागीं त्यानें घांसून लखलखीत केलेली चांदी बसविली होती, म्हणजे खरे ढग वाऱ्याबरोबर सरकतांना त्यांत दिसत. हा खेळ दिसावयास मुलांचा. परंतु त्यांत एक मोठी गोष्ट ठरून गेली. चित्र खरें वाटावयाचें तर पाहणाराचा डोळा एका विशिष्ट ठिकाणींच असला पाहिजे. आपण ज्याला यथादर्शन म्हणतों त्या शास्त्राचें मूळ तें हेंच. १४३५ सालीं आल्बेर्ती या पंडितानें त्यावर ग्रंथ लिहिला आणि चित्राला खिडकीची उपमा दिली.

या शास्त्राचा पहिला मोठा चमत्कार फ्लॉरेन्समधीलच सान्ता मारिया नोव्हेल्ला या चर्चच्या भिंतीवर आहे. मासाच्चो नांवाच्या तरुणानें १४२७ च्या सुमारास तो घडविला आणि पुढच्याच वर्षीं, वयाचीं सत्तावीस वर्षेंहि पुरीं होण्यापूर्वीं किंवा होतां होतां, तो रोम येथें वारला. चित्र पवित्र त्रैक्याचें आहे. रंगवलेल्या कमानीच्या आंत चौकटीचौकटीचें गोलाकार छत दूरवर मागें जातें. त्याखालीं क्रूसावर येशू, त्याच्या मागें उभा राहून क्रूस सांवरणारा पिता परमेश्वर, आणि दोहोंच्या मध्यें कबुतराच्या रूपानें आत्मा. क्रूसाच्या पायाशीं माता मेरी व संत योहान. कमानीच्या बाहेर, अलीकडच्या पायरीवर, चित्राचा खर्च करणारें जोडपें गुडघे टेकून बसलें आहे. भिंत सपाट आहे हें ठाऊक असूनहि ती फोडून आंत खोली केली आहे असें वाटतें. छताच्या साऱ्या रेषा खालीं ज्या बिंदूला येऊन मिळतात, तो त्या पायरीच्या पातळीवर, चर्चच्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे. चित्रकारानें ओल्या गिलाव्यांत ओढलेल्या रेषांच्या खुणा अद्याप तेथें दिसतात.

आतां या डोळ्यांच्या उंचीच्या खालीं काय आहे तें पाहा. तेथें एक दगडी शवपेटी रंगविली आहे आणि तिच्यावर माणसाचा सांगाडा पहुडला आहे. त्याच्या वर इटालियन भाषेंत लेख आहे. त्याचा भावार्थ असा कीं, आज तुम्ही आहां तसा मीहि एके काळीं होतों, आणि मी आज आहें तसेच तुम्हीहि होणार आहां. म्हणजे ज्या माणसासाठीं फरशीवर इतकी अचूक जागा आंखून दिली, त्यालाच सांगाडा हांक मारतो. त्याची नजर वर गेली तर तिला देवाचें दर्शन घडतें, खालीं वळली तर स्वतःच्या हाडांचें. यथादर्शनाचा उल्लेख निघाला म्हणजे पुष्कळ लेखक त्याला हुबेहूब नक्कल करण्याची युक्ति म्हणून बाजूस सारतात. मासाच्चोचें चित्र पाहिल्यावर हें मत टिकेल असें मला वाटत नाहीं. येथें भूमितीनें एका मर्त्य माणसाला त्याच्या नांवानें बोलावून उभें केलें आहे.

या चित्राचें पुढील चरित्रहि ऐकण्यासारखें आहे. दीडशें वर्षांनंतर चर्चचा जीर्णोद्धार करतांना व्हासारीनें त्याच्यापुढें नवी वेदी उभारली आणि तें झांकून गेलें. याच व्हासारीनें आपल्या ग्रंथांत त्या छताची मनापासून स्तुति केली होती! १८६० च्या सुमारास चित्राचा वरचा भाग सांपडला, तेव्हां तो भिंतीवरून काढून दुसऱ्या भिंतीवर लावण्यांत आला. सांगाडा मात्र जुन्याच जागीं लपलेला राहिला. १९५२ सालीं दोघांची पुन्हां भेट झाली. मधल्या काळांत ज्यांनीं हें चित्र पाहिलें त्यांना देव दिसला, पण हांक कांहीं ऐकूं आली नाहीं.

जातां जातां एक गोष्ट. हें यथादर्शन आपल्या घरांतहि येऊन पोंचलें आहे. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत सुरू केलेल्या छापखान्यांतून लक्ष्मी-सरस्वतींचीं जीं रंगीत चित्रें घरोघर गेलीं, त्यांतील देवतांच्या मागें खोल जाणारें पाणी आहे, झाडी आहे, क्षितिज आहे. आपल्या देव्हाऱ्यावरच्या भिंतीला ब्रुनेलेस्कीच्या फळीचें भोंक असें कोणाच्या नकळत पडलें.

मासाच्चोची जागा कोणाहि माणसासाठीं होती. सव्वादोनशें वर्षांनंतर माद्रिदच्या राजवाड्यांत व्हेलास्केसनें १६५६ सालीं जें चित्र काढलें, त्यांत ती जागा एकाच माणसाची झाली. या चित्राला आतां ‘लास मेनिनास’, म्हणजे राजकन्येच्या सख्या, असें म्हणतात. मधोमध पांच वर्षांची राजकन्या मार्गारीता उभी आहे. दोहों बाजूंस सख्या, उजवीकडे एक ठेंगणी स्त्री, आणि निजलेल्या मोठ्या कुत्र्याला पायानें डिवचणारा एक पोर. डावीकडे खुद्द चित्रकार हातांत कुंचला घेऊन एका प्रचंड कॅनव्हासपुढें उभा आहे, आणि त्या कॅनव्हासची पाठ आपल्याकडे आहे. दूर मागच्या दारांत एक अधिकारी पायऱ्यांवर थबकला आहे. यांतील बहुतेक मंडळी चित्रांतून बाहेर, आपल्याकडे पाहत आहेत. आपण कोण म्हणून? त्याचें उत्तर मागच्या भिंतीवरील आरशांत आहे. त्यांत राजा चवथा फिलिप आणि राणी यांचीं अंधुक प्रतिबिंबें दिसतात. म्हणजे जेथें आपण उभे आहों तेथें राजाराणी असावयास हवीं. हें चित्र राजाच्या खासगी दालनांत असे, तेव्हां त्याच्यापुढें प्रत्यक्ष राजाच उभा राहत होता. आज प्रादो संग्रहालयांत कोणीहि उतारू त्या जागीं उभा राहतो आणि क्षणभर सारा दरबार त्याच्याकडे वळून पाहतो. चित्रकाराच्या छातीवर सांतियागो पंथाचा लाल क्रूस आहे. तो मान त्याला १६५९ सालीं मिळाला, अर्थात् हें चिन्ह चित्र पुरें झाल्यावर मागाहून रंगविलेलें आहे. राजाच्या नजरेसमोर आपण कोठें उभे आहों, याची काळजी एवढ्या थोर चित्रकारालाहि सुटली नव्हती.

या चित्राचा अभ्यास पुढें ज्यानें केला त्याच्याकडे आतां वळूं. फ्रान्सिस्को गोया यानें १७७८ च्या सुमारास व्हेलास्केसच्या चित्रांवरून ताम्रपट कोरले. त्यांत ‘लास मेनिनास’हि होतें. पुढें तोहि दरबारी चित्रकार झाला. १७९२-९३ मधील आजारानें त्याची श्रवणशक्ति गेली. १८०८ सालीं नेपोलियनचें सैन्य माद्रिदमध्यें होतें. २ मे रोजीं शहरांतील सामान्य लोकांनीं, मिळेल तें हत्यार घेऊन, त्या सैन्यावर हल्ला केला. उठाव मोडण्यांत आला, आणि त्या रात्रीं व दुसऱ्या पहांटे पकडलेल्या लोकांना शहराबाहेरील टेकडीपाशीं व इतरत्र गोळ्या घालण्यांत आल्या. नेपोलियनचा भाऊ जोसेफ गादीवर बसला. गोयानें या नव्या राजाशीं राजनिष्ठेची शपथ घेतली, आणि १८११ सालीं त्याच्याकडून पदकहि स्वीकारलें. फ्रेंच गेल्यावर, १८१४ च्या फेब्रुवारींत, त्यानें स्पेनच्या राजप्रतिनिधिमंडळाकडे अर्ज केला कीं, त्या उठावाचे प्रसंग मला चित्रित करूं द्यावे. त्याच वर्षीं फर्डिनंड राजा परत आला आणि परकी राजाची चाकरी कोणी कोणी केली याची चौकशी सुरू झाली. त्या चौकशींत गोयाचेंहि नांव होतें. पुढें तो निर्दोष ठरला. ‘त्या दिवसांत तूं कोठें उभा होतास?’ हा प्रश्न या चित्रकाराला सरकारनें विचारला होता, हें ध्यानांत ठेवून पुढचें चित्र डोळ्यांसमोर आणावें.

रात्र आहे. जमिनीवर एक मोठा चौकोनी कंदील ठेवलेला आहे. चित्रांतील सारा प्रकाश त्याचाच. उजव्या बाजूस शिपायांची रांग. त्यांच्या पाठी आपल्याकडे आहेत, मस्तकें बंदुकींवर झुकलेलीं आहेत आणि चेहरा एकाचाहि दिसत नाहीं. डाव्या बाजूस, हातभर अंतरावर, मरणारे. त्यांत पांढऱ्या सदऱ्याचा एक माणूस गुडघ्यांवर आहे आणि त्यानें दोन्ही हात वर पसरले आहेत. उजव्या तळहातावर खिळ्याच्या जखमेसारखी खूण आहे. त्याच्या शेजारीं एक साधु हात जोडून वांकला आहे. पुढें रक्तांत प्रेतें पडलीं आहेत, आणि मागून टेकडी चढत पुढची पाळी असलेल्यांची रांग येत आहे. त्यांच्यांतील एकानें तोंड झांकून घेतलें आहे. दूर अंधारांत शहर आणि चर्चचें शिखर.

जिओत्तोच्या चित्रांतहि आपल्याकडे पाठ केलेलीं माणसें होतीं. त्यांच्या मागें उभें राहून आपण त्यांच्या दुःखांत शिरलों. येथेंहि पाठी आहेत, पण त्या मारेकऱ्यांच्या आहेत, आणि आपण त्यांच्या किंचित् मागें व बाजूला, कंदिलाच्या अलीकडे आहों. गोळी आपल्यावर रोखलेली नाहीं. बंदूकहि आपल्या हातांत नाहीं. देव, राजा, माता यांपैकीं कोणीहि आपल्याकडे पाहत नाहीं. पांढऱ्या सदऱ्याच्या माणसाचे डोळे नळ्यांकडे लागले आहेत. प्रकाश आहे म्हणून सर्व दिसतें, आणि दिसतें तरी करतां कांहींच येत नाहीं. युरोपच्या चित्रकलेंत युद्धाचीं चित्रें शेंकडों होतीं. त्यांत पाहणाराची जागा बहुधा सेनापतीच्या शेजारीं, एखाद्या उंचवट्यावर असे. त्याला कोणी इतकें जवळ, इतकें खालीं आणि इतकें निरुपयोगी करून उभें केलें नव्हतें.

याच वर्षांत गोयानें युद्धावर ऐंशींहून अधिक ताम्रपट कोरले. त्याच्या हयातींत ते प्रसिद्ध झाले नाहींत. तो १८२८ सालीं परदेशांत वारला आणि तीं चित्रें १८६३ सालीं छापलीं गेलीं. प्रत्येकाखालीं एक लहानसें वाक्य आहे. एकाखालीं एवढेंच लिहिलें आहे कीं, हें मीं पाहिलें. दुसऱ्याखालीं : हें पाहवत नाहीं. या दुसऱ्या चित्रांत गुहेसारख्या काळोखांत स्त्रीपुरुष गुडघ्यांवर आहेत आणि उजव्या कडेनें संगिनींचीं टोंकें चित्रांत शिरलीं आहेत. संगिनी धरणारे चौकटीच्या बाहेर आहेत, म्हणजे जेथें आपण आहों त्याच जगांत. हें लक्षांत आल्यावर प्रादोमधील भव्य चित्रापेक्षां हा तळहाताएवढा ताम्रपट मला अधिक भयंकर वाटतो.

मानेच्या चित्राविषयीं थोडक्यांत सांगतों. तिसऱ्या नेपोलियननें ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनला मेक्सिकोचा बादशहा करून पाठविलें आणि नंतर आपलें सैन्य परत बोलाविलें. १९ जून १८६७ रोजीं मेक्सिकोच्या प्रजासत्ताकवाद्यांनीं त्याला दोन सेनापतींसह गोळ्या घातल्या. एदुआर माने यानें दोन वर्षांत या प्रसंगाचीं तीन मोठीं तैलचित्रें केलीं; अखेरचें जर्मनींतील मानहाइम येथें आहे. गोयाचीच मांडणी, पण कंदील नाहीं, रात्र नाहीं, आकांत नाहीं. स्वच्छ उजेडांत शिपाई कवायत केल्यासारखे बार काढतात, त्यांचे गणवेश फ्रेंचांसारखे दिसतात, आणि एक नायक बाजूला उभा राहून थंडपणें आपली बंदूक सज्ज करीत आहे. मागच्या भिंतीवरून कांहीं लोक डोकावून हा प्रकार पाहत आहेत. भिंतीच्या त्या बाजूला ते, या बाजूला आपण, दोघेहि बघेच. फ्रेंच सरकारला यांतील बोंच कळली असावी; १८६९ सालीं या विषयावरील मानेची शिळाछाप त्यानें प्रसिद्ध होऊं दिली नाहीं.

यापुढची उडी मोठी आहे, पण ती पुन्हां स्पेनमध्येंच पडते. २६ एप्रिल १९३७ रोजीं, बाजाराच्या सोमवारीं, जर्मन आणि इटालियन विमानांनीं बास्क प्रांतांतील गेर्निका या गांवावर बाँब टाकले. पॅरिसच्या प्रदर्शनांत स्पेनच्या प्रजासत्ताकाचें दालन व्हावयाचें होतें आणि त्यासाठीं पिकासोकडे चित्र मागितलेलें होतें. १ मे रोजीं त्यानें रेखाटनें आरंभिलीं आणि जूनच्या आरंभीं चित्र पुरें झालें. साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब, केवळ काळें, पांढरें व करडें. मेलेलें मूल घेऊन टाहो फोडणारी आई, जिभेचा खिळा झालेला घोडा, निश्चल बैल, तुटकी तरवार धरलेला पडलेला शिपाई, खिडकींतून दिवा पुढें करणारी स्त्री. वर विजेचा एक दिवा डोळ्यासारखा लटकतो. गोयाच्या कंदिलाची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं.

मात्र मारेकरी कोठेंच नाहींत. विमान नाहीं, शिपायांच्या पाठी नाहींत. आणि यथादर्शनहि नाहीं. आपण घरांत आहों कीं रस्त्यावर, हेंहि सांगतां येत नाहीं. भिंती, छप्पर, दार यांचे तुकडे एकमेकांत घुसले आहेत. ज्या एका बिंदूवरून सर्व नीट दिसावें असा बिंदूच पिकासोनें ठेवलेला नाहीं. पुष्कळांना हें चित्र पाहून राग येतो, आणि ‘हें माझ्या मुलानेंहि काढलें असतें’ हें वाक्य आपणहि कोठेंतरी ऐकलें असेल. मला त्यांना एवढेंच विचारावेंसें वाटतें कीं, आकाशांतून बाँब पडत असतां मासाच्चोची ती आंखलेली जागा कोठें शोधावयाची? बंदूक रोखली तर तिला एक बाजू असते, म्हणून गोयाला आपल्यासाठीं दुसरी बाजू सांपडली. विमानाखालच्या गांवाला बाजू नाहीं.

हें चित्र चाललें असतां पिकासो प्रादो संग्रहालयाचा मानद संचालक होता. तिकडे माद्रिदवर तोफा चालू होत्या, आणि प्रादोंतील निवडक चित्रें ट्रकांतून सुरक्षित स्थळीं हलविण्यांत येत होतीं. त्या प्रवासांत १९३८ सालीं झालेल्या अपघातांत गोयाचीं २ मे व ३ मे हीं दोन्ही चित्रें फाटलीं. तीं मागाहून सांधण्यांत आलीं. पिकासोचें चित्र मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत बरींच वर्षें राहिलें, कारण स्पेनमध्यें लोकस्वातंत्र्य आल्याखेरीज तें तेथें जाऊं नये अशी त्याची इच्छा होती. फ्रँको १९७५ सालीं वारला आणि १९८१ सालीं चित्र माद्रिदला आलें. तेथें तें प्रथम बंदुकीची गोळी आरपार जाणार नाहीं अशा जाड कांचेच्या आड, सशस्त्र पहाऱ्यांत ठेवलें होतें. १९९२ सालीं तें रेना सोफिया संग्रहालयांत नेण्यांत आलें आणि पुढें ती कांचहि काढली गेली. पावणेआठ मीटरांचें चित्र एका जागीं उभें राहून पुरतें दिसत नाहीं. तेथें येणारा माणूस त्याच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत चालत जातो आणि बहुधा पुन्हां मागें येतो.